तंबूला बांधलेले दगड

"उचला ते," राखणकाकू म्हणाली. "आधी उचला, मग बोला."

मोजणीसाहेबाच्या तोंडात दात घासायचा ब्रश होता, त्यामुळे त्याला लगेच बोलता येईना, आणि काय उचलायचं तेही कळेना. त्याने मागे वळून पाहिलं. त्याचा तंबू जागेवर होता. शेजारचा जागेवर होता. स्वयंपाक्याचा तंबूही धूर सोडत जागेवरच होता. रात्रभर वाऱ्याने टेकडी झोडपून काढली होती, आणि एवढ्या वाऱ्याला आपले तंबू पुरून उरले याचं त्याला उठल्यापासून कौतुक वाटत होतं.

काकूने काठीचं टोक तंबूच्या तणाव्याकडे नेलं. तंबू ताठ राहावा म्हणून चहूबाजूंनी जे दोर ताणून बांधतात, ते तणावे. त्यांच्या खुंट्या जमिनीत ठोकायच्या असतात. पण या माथ्यावर माती बोटभर आणि खाली सगळा कातळ. खुंटी शिरतच नाही. म्हणून मोजणीवाल्यांनी प्रत्येक दोर एकेका दगडाला गुंडाळला होता आणि वर आणखी दगड रचले होते. मोठे, करडे दगड, अंगावर दगडफुलाचे फिकट डाग असलेले. काहींचे डाग आकाशाकडे होते. काहींचे मातीत दाबले गेले होते, झोपलेल्या माणसाला कुणी पालथं टाकावं तसे.

आणि तिकडे, माथ्याच्या मधोमध, दगडांची जुनी रास उभी होती. तिच्या उगवतीच्या कुशीतून लचका तोडून नेलेला.

"अहो काकू," ब्रश काढून साहेब म्हणाला, "रात्री वारा ऐकलात ना? तंबू उडाले असते."

"उडू द्यायचे होते."

"आत माणसं होती."

"माणसं उठून बसली असती. त्या दगडांखाली निजलंय ते उठणार होतं का?"

स्वयंपाकी हसला आणि काकूची नजर वळताच त्याने पातेल्यात तोंड घातलं.

साहेब माणूस वाईट नव्हता. जाताना सगळे दगड जसेच्या तसे ठेवून देतो, असं त्याने कबूल केलं. काकूने विचारलं, जसेच्या तसे म्हणजे कसे? कुठला दगड कुणाच्या खांद्यावर होता, तुम्ही पाहून ठेवलंत? नव्हतं पाहिलं. मलाही नाही माहीत, काकू म्हणाली. ज्यांनी ठेवले त्यांना माहीत होतं, आणि ते गेले. त्याने चूळ भरली आणि ती राशीपासून दूर थुंकण्याइतकी अदब पाळली.

काकूच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती ती एका गोष्टीने. हे लोक आले कशाला होते? राशीची हद्द मोजायला. कुंपण कुठून कुठे घालायचं, टेकडीचा कुठला तुकडा कायमचा जपायचा, ते ठरवायला. तिपाईवर यंत्र ठेवून, एक डोळा मिटून, केसाएवढी चूक होऊ नये म्हणून श्वास धरून मोजणारी ही माणसं. त्यांच्या नकाशात रास म्हणजे मधला एक ठिपका होता. ठिपक्यातून दगड उचलले तर ठिपका हलत नाही. मग वारा सुटला, दगड हाताशी होते, आणि त्यांनी ते उचलले. जिला जपायचं तिचीच हाडं काढून तिच्याच अंगणात तंबू ठोकले.

राशीखाली कोण निजलंय ते कुणालाच ठाऊक नाही. कुणी म्हणतं राजा, कुणी म्हणतं बाळंतपणात गेलेली कुणाची लेक. एवढं मात्र खरं, की फार फार पूर्वी कुणीतरी गेलं आणि मागे राहिलेले रडत टेकडी चढले. ज्याच्या हाताला जो पेलला तो दगड त्याने आणला. पोराने मुठीतला, बाईने कमरेवरचा, बापाने छातीशी धरलेला. रडणं वाऱ्याने नेलं. दगड राहिले.

काकूचा नवरा या राशीचा राखणदार होता. जतन खात्याने नेमलेला, बिनआवाजाचा माणूस. त्याच्यामागे खात्याने ते काम काकूला दिलं. काम सांगायला सोपं. टेकडीवर फिरायला येणाऱ्यांना राशीवर एक दगड ठेवायची फार हौस. कुणी नवस म्हणून ठेवतं, कुणी आपण इथवर आलो म्हणून, बरेचसे फोटोसाठी. प्रत्येकाला वाटतं, आपल्या एका दगडाने काय होतंय. पण असे दगड चढत गेले, तर उद्या त्यांचा कुठला आणि आपला कुठला, ते देवालाही निवडता येणार नाही. म्हणून राखणदाराने रोज सकाळी वर जायचं, काल चढलेले दगड ओळखायचे आणि काढायचे. नव्या दगडाला माती लागलेली असते, ऊन त्याच्या ओळखीचं नसतं, आंधळ्यालाही कळावं. नवरा म्हणायचा, आपलं काम राखायचं, वाढवायचं नाही. तो शांतपणे काढायचा. काकू मात्र काढता काढता बोलायची, आणि समोर माणूस असला तर त्याला बोलायची. खालच्या वस्तीत तिला तोफ म्हणत. तिला ते माहीत होतं आणि नावडतही नव्हतं.

नवरा गेला तेव्हा लेक शहरातून आली. तिथल्या दवाखान्यात ती नर्स होती. इतरांचे बाप तिने हातांनी सावरले होते आणि स्वतःच्या बापाच्या वेळी तिची गाडी वाटेत होती. चार दिवस ती रडली नाही. पाचव्या दिवशी तिने घराच्या पायरीशी पडलेला एक दगड उचलला. बाप त्यावर बसून बुटातली माती झटकायचा, म्हणून मधोमध गुळगुळीत झालेला. तो घेऊन ती टेकडी चढली. आईने विचारलं तेव्हा म्हणाली, बाबांसाठी एक. फक्त एक. त्यांनी जन्मभर दुसऱ्याचे काढले, त्यांचा एक राहू दे.

काकूने नाही म्हटलं. लेकीने ऐकलं नाही, ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू कामावर गेली. आदल्या दिवसाचे दगड काढले. त्यातला तोही काढला.

तो काढताना हात कसे चालले, ते तिलाच ठाऊक. कुणाला सांगण्याजोगं ते नव्हतं, आणि लेकीने विचारलंही नाही. लेकीने बॅग भरली. दारात थांबून एवढंच म्हणाली, "तुझ्यापेक्षा तो दगड बरा होता, आई." मग वर्षं गेली. जावयाचा फोन यायचा, तब्येत विचारायचा, मागे भांडी वाजायची. ती भांडी कोण घासतंय ते काकूला आवाजावरून कळायचं. फोन हातात द्या, असं तिने कधी म्हटलं नाही. आपण बरोबर केलं, हे ती रोज चढावर स्वतःला सांगायची. बरोबर केलं, बरोबर केलं, पावलागणिक. नियम तो नियम. आपल्या माणसासाठी वाकवला तर परक्याला कोणत्या तोंडाने अडवायचं? त्या एका शब्दाच्या काठीवर ती इतकी वर्षं टेकडी चढत होती.

आणि आता ती काठी यांनी तंबूला लावली.

दुपारी जतन खात्याचा साहेब आला. काकूनेच फोन करून बोलावला होता. तो येईल, राशीला पडलेला खड्डा बघेल आणि या लोकांची अशी खरडपट्टी काढेल की टेकडीला ऐकू जाईल, अशी तिची खात्री होती. ती राशीभोवतीच्या साखळीशी उभी राहिली, अंगावरची शाल नीट करून. साहेब चढून आला, धापा टाकत, आणि मोजणीसाहेबाला पाहून त्याचा चेहरा उजळला. दोघे कधीकाळी एका वर्गात होते म्हणे. स्वयंपाक्याने चहा आणला. खुर्च्या आल्या. बायकामुलांची चौकशी झाली. खड्ड्याकडे खात्याच्या साहेबाने एकदा पाहिलं, आणि अरे अरे म्हणाला, कुणाच्या सदऱ्यावर चहा सांडल्यावर म्हणतात तसं.

मग तो राशीच्या पलीकडे हात करून हसला. तिथे गुडघाभर उंचीच्या दगडी भिंतींची गोल कडी होती. फार जुन्या काळी, पहिल्यांदा नकाशे झाले तेव्हाचे मोजणीवाले इथे मुक्कामाला होते. त्यांनीही वाऱ्याला आडोसा म्हणून राशीचेच दगड नेऊन त्या भिंती रचल्या होत्या. आता त्या भिंतीही जुन्या झाल्या, म्हणून त्याही जपायच्या. खात्याच्या फलकावर दोन्ही नावं एकाच रंगात होती: वर रास, खाली मोजणीदारांचा तळ.

"काळजी करू नकोस," तो मित्राला म्हणाला, "आणखी दोनशे वर्षांनी तुझ्याही नावाचा फलक लावतील."

दोघे पोटभर हसले. काकू साखळीशी उभी होती. म्हणजे चोराने चोरी करावी आणि पुरेशी जुनी होऊ द्यावी, मग तिच्यावरही पहारा बसतो. आणि पहारा कुणी करायचा, तर आम्ही. त्या भिंतींवर चढणाऱ्या पोरांनाही ती इतकी वर्षं हाकलत आली होती.

हसून झाल्यावर खात्याचा साहेब तिच्याजवळ आला. आवाज खाली आणून, समजुतीच्या सुरात त्याने सांगितलं, की पुढच्या आठवड्यात वरून पाहणी व्हायची आहे. कुणी विचारलं तर वाऱ्याने ढासळली म्हणायचं. खोटं असं काही नाही, वारा होताच. मोजणीचं काम अडलं तर राशीचंच नुकसान. आणि दगड परत कसे लावायचे ते तज्ज्ञ ठरवतील. तोवर कुणी हात लावायचा नाही.

"दोर बांधलेले दगड कुणाचे म्हणून सांगायचे?" काकूने विचारलं.

"ते काय, आज उद्या सोडतीलच."

"आता सोडायला सांगा."

"काकू, वारा बघा ना."

वारा होता खरा. शाल अंगावर ठरत नव्हती. काकूने ती कमरेला गुंडाळून गाठ मारली. सांगायचं नव्हतं ते तिच्या तोंडून बाहेर आलं, आणि एकदा आलं ते थांबेना.

"माझा नवरा या राशीपायी उन्हातान्हात झिजला. तो गेला तेव्हा माझ्या लेकीनं त्याच्यासाठी एक दगड वर ठेवला. एकच. तो मी काढला, साहेब. दुसऱ्या दिवशी सकाळी, या हातांनी. लेक तेव्हा गेली ती आजवर घरी आली नाही. का काढला मी तो?"

साहेब गडबडला. पण मन त्याचं मऊ होतं, डोळ्यांत ओल आली. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि तिच्या खांद्याला हात लावला.

"मला माहीत नव्हतं हो. असं करा, नाहीतरी ती बाजू पुन्हा रचायचीच आहे. त्यात यजमानांच्या नावाचा एक दगड ठेवून द्या. मी पाहिलं नाही असं समजा."

मघापासून जे काही झालं होतं, ते या एका वाक्यापुढे काहीच नव्हतं. लचका तोडला तोही परवडला असता. हसले तेही. पण हा माणूस दया दाखवत होता. जी गोष्ट नाकारण्यासाठी तिने आपली लेक गमावली, ती तो तिला चहाबरोबर बिस्कीट द्यावं तशी देत होता.

काकूने त्याचा हात खांद्यावरून काढला, राशीवरचा दगड काढायची तसाच.

"तुम्ही पाहिलं नाही असं समजू? मग माझ्या लेकीचं काय वाईट होतं? तिलाही तेवढंच हवं होतं, की आईनं पाहिलं नाही असं समजावं. मी पाहिलं. मला पाहायलाच ठेवलंय इथं. तुमचा नियम खरा म्हणून मी पोटची पोर घालवली, आणि तुम्ही आज सांगताय, नियम काय, वारा सुटेपर्यंतच."

काकू वळली आणि तंबूंकडे चालू लागली. मोजणीसाहेब पुढे झाला तेव्हा ती म्हणाली, "यंत्रं काढून घ्या. माणसं काढा. मी थांबते."

आणि खरोखरच थांबली. काठीवर दोन्ही हात ठेवून, वाऱ्याला पाठ देऊन. तिच्या थांबण्यात असं काही होतं की माणसं मुकाट्याने आत गेली आणि तिपाया, पेट्या, अंथरुणं बाहेर आणू लागली. खात्याचा साहेब तिला नोकरीची आठवण करून देत राहिला. ते शब्द वारा त्याच्या तोंडातूनच उचलून नेत होता. सामान निघालं. तेव्हा तिने काठी खाली ठेवली आणि पहिल्या तणाव्याचा दोर सोडला.

एकेक दगड पोटाशी धरून ती नेई आणि राशीच्या शेजारी, खड्ड्यासमोर, जमिनीवर ठेवी. राशीवर एकही ठेवला नाही. दगडफुलाची बाजू वर, एका ओळीत, अंथरुणाला खिळलेल्या माणसांना उन्हात आणून निजवावं तसे. कितव्या तरी फेरीला पाठीत कळ आली. ती थांबली, तोंडातल्या तोंडात सगळ्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली आणि पुन्हा वाकली. तिसऱ्या बाजूचे दगड निघाले तसा मोठा तंबू फुगला. एकदा उठला, बसला, विचार केल्यासारखा डुलला, आणि मग मोजणीसाहेबाच्या डोक्यावरून उताराकडे निघाला. त्याच्यामागे साहेब धावला, साहेबामागे दोन माणसं. स्वयंपाकी धावला नाही. त्याने फोन काढून ते सगळं टिपलं, दगड उचलणाऱ्या काकूसकट.

संध्याकाळी खात्याच्या साहेबाने सांगितलं, उद्यापासून येऊ नका. काकू बरं म्हणाली. वर असलेली आपली दगड वाहायची पाटी तेवढी घेऊन ती खाली उतरली.

पुढचे दिवस तिला घरात कसे गेले, ते भांड्यांना विचारावं. प्रत्येक भांडं आपटून ठेवलं गेलं. सकाळी पाय आपोआप दाराकडे वळत आणि ती त्यांच्यावर खेकसे. मोजणीवाले निघून गेले होते. तिच्या जागी कुणी आलेलं नव्हतं. वर दगड चढत असणार, रोज, आणि काढायला कुणी नसणार, याने तिचा जीव कासावीस होई. स्वयंपाक्याने टिपलेला पळत्या तंबूचा व्हिडिओ फोनाफोनांतून गावोगाव फिरत होता आणि लोक पोट धरून हसत होते. काकूकडे तसला फोन नव्हता.

एका सकाळी दारात लेक उभी होती. खांद्याला छोटी बॅग, केसांत कुठे कुठे पांढरं. काकूच्या हातात झाडू होता.

"पाठ कशी आहे?" लेकीने विचारलं.

"आहे जागेवर."

"त्या व्हिडिओत दिसत होतं, धरलीय ती. गुडघ्यातून वाकायचं सोडून कमरेतून वाकत होतीस."

"तू मला शिकव आता वाकायला," काकू म्हणाली, आणि झाडू कुठे ठेवावा ते तिला सुचेना.

चहा झाला. दोघी बोलल्या ते जावयाच्या खोकल्याचं, गाड्यांच्या गर्दीचं, गळक्या नळाचं. मग लेक उठली आणि पायांत बूट घालत म्हणाली, चल, वर जाऊ. काकू म्हणाली, माझं काय काम आता तिथे? लेक म्हणाली, माझं आहे.

माथ्यावर एक जोडपं होतं. साखळी ओलांडून आत गेलेलं. पुरुषाने राशीवर दगड ठेवला, बाईने फोटो काढला. काकूच्या छातीतून तोफ उठली ती गळ्यापर्यंत आली. मग तिला आठवलं, आणि तिने ओठ मिटले. खड्ड्यासमोर तिचे दगड अजून ओळीने पडले होते, भोवती खात्याने लाल फीत बांधली होती.

लेक सरळ गेली, साखळी ओलांडली आणि तो दगड उचलला.

"अहो ताई, आम्ही आत्ताच ठेवला तो," पुरुष म्हणाला.

"हो, पाहिलं ना मी."

"पण तुम्ही कोण?"

"राखणदाराची मुलगी." कुठल्या राखणदाराची, ते तिने सांगितलं नाही. तो माणूस बायकोकडे पाहून काहीतरी पुटपुटला आणि दोघं उतरणीला लागली. लेक दगड हातात घेऊन आईपाशी आली.

"कुठे टाकतेस तू हे?"

काकू पुढे झाली. मावळतीच्या अंगाला, हद्दीच्या बाहेर, झुडपांच्या आड उतारावर एक घळ होती. तिथे नवरा पाटी रिकामी करायचा आणि त्याच्या मागे तीही. लेक झुडपं बाजूला करून पुढे आली आणि थबकली. घळ कधीच भरून गेली होती. तिच्यावर पुरुषभर उंचीचा ढीग उभा होता. दोन माणसांच्या आयुष्यभराच्या सकाळी. खालच्या दगडांवर दगडफुलाने पहिले फिकट ठिपके धरले होते.

लेकीने खालच्या एका दगडाला हात लावला.

"यातच?"

"यातच."

"सापडेल?"

काकूला खोटं बोलता आलं असतं. "नाही सापडायचा," ती म्हणाली. "फेकला नव्हता. वाकून ठेवला होता. पण त्यावर किती आले, ते..." तिला राग आला होता. तो कुणावरचा, ते आता तिलाही नीट सांगता आलं नसतं.

लेकीने त्या परक्या माणसाचा दगड दोन्ही हातांनी धरला, टाचा उंचावल्या आणि ढिगाच्या माथ्यावर ठेवला.

दगड डुगडुगला. काकूने खाली वाकून एक कपची शोधली, वाकली ती गुडघ्यातून, आणि हात वर नेऊन ती त्याच्याखाली सारली.